पाण्याचा ग्लास जरा थांबून द्या

इंदूरच्या दैनिकांच्या आतल्या पानांवर रोज छोट्या चौकटी असतात : अमुक यांचं निधन, उठावना सायंकाळी ४ ते ५. माळव्यातली ही शोकभेटीची रीत इथल्या मराठी घरांनीही उचलली आहे. दहावा-तेरावा आपल्या जागी आहेच, पण तासाभराचा उठावना आता लोकमान्यनगरातही होतो आणि सुदामानगरातही. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, भजन, शेवटी हात जोडून रांग. नोकरदार माणसाला एका तासात सगळ्यांना भेटून होतं, त्यामुळे सोयीचं आहे. त्या तासात कुणाला तरी हुंदका फुटतोच, आणि मग मिनिटभरात तीन गोष्टी होतात. एकजण पाण्याचा ग्लास पुढे करतो. दुसरा म्हणतो, ‘सांभाळा, तुम्हीच असं केलंत तर मुलांनी कुणाकडे बघायचं?’ तिसरी व्यक्ती दंडाला धरून आतल्या खोलीत नेते. तिन्ही गोष्टी मायेने होतात. रडणाऱ्याला त्यातून कळतं ते एवढंच, की आता पुरे.

ही घाई घरापुरती राहिली असती तर तिच्यावर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण रुग्णालय, शाळा, कोचिंग, कचेरी सगळीकडे तोच नियम चालतो. रडणारा दिसला की त्याला आधी दृष्टीआड करायचं, मग गप्प करायचं, जमलं तर विचारायचं काय झालं. आणि हल्ली याच्या उलट बोलणारी एक नवी मंडळीही निघाली आहे : रडा, भरपूर रडा, शरीरातलं विष निघून जातं. दोघांनीही रडणं म्हणजे गळका नळ समजलाय. एकाला तो बंद करायचाय, दुसऱ्याला टाकी रिकामी होईपर्यंत सोडायचाय.

मुळात डोळ्यातलं पाणी तीन प्रकारचं. पहिलं सतत झिरपणारं, बुबुळ ओलं ठेवणारं; मिनिटाला साधारण एक-दोन मायक्रोलिटर. त्यात मीठ असतं, जंतू मारणारं लायसोझाइम असतं, वरून तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते लगेच सुकत नाही. दुसरं कांदा चिरताना येणारं. कांद्यातून सुटणारा गंधकयुक्त वायू डोळ्याला झोंबला की तो धुऊन टाकण्यासाठी. तिसरं मन भरून आल्यावर येणारं. पहिले दोन प्रकार कितीतरी प्राण्यांत आहेत. भावनेने डोळ्यांतून पाणी गाळणारा प्राणी मात्र, आजवरच्या माहितीप्रमाणे, माणूस एकटाच. इंदूरने घरातला कचरा सहा प्रकारांत वेगळा करून दाखवला आणि २०१७पासून ओळीने सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर पटकावला. त्या शहराला तीन प्रकारचे अश्रू वेगळे ओळखणं जड जाऊ नये.

अश्रुग्रंथी डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, भुवईखालच्या हाडाच्या खोबणीत असते. तिला हुकूम मिळतो तो चेहऱ्याच्या सातव्या मज्जातंतूतल्या स्वायत्त धाग्यांतून, आणि त्या धाग्यांवर आपली मर्जी चालत नाही. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाजवळ, दोन बारीक छिद्रं आहेत. तिथून पाणी अश्रुनलिकेतून थेट नाकात उतरतं. म्हणून रडणारा आधी नाक ओढतो आणि मग डोळे पुसतो. डोळ्यात एका वेळी मावतं जेमतेम तीस मायक्रोलिटर, म्हणजे एक थेंब. त्याहून जास्त झालं आणि नलिकेला आवरेना की गालावर ओघळ येतो. गळा दाटतो त्याचंही कारण सांगितलं जातं : ताणाच्या वेळी शरीर जास्त हवा घ्यायला स्वरयंत्राचं तोंड उघडं ठेवू पाहतं, आणि आपण आवंढा गिळून ते मिटू पाहतो. या ओढाताणीचाच गोळा घशात जाणवतो. आपल्या नाट्यशास्त्राने हे जुन्या काळीच ओळखलं होतं. आठ सात्त्विक भावांत घाम, रोमांच, कंप, स्वरभंग यांच्या शेजारी अश्रू बसवले आहेत, म्हणजे ठरवून करता न येणाऱ्या गोष्टींत. (ते ठरवून करून दाखवणं हीच नटाची परीक्षा, हा भाग वेगळा.)

आता ते विष. १९८०च्या सुमारास विल्यम फ्रे या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने कांद्याचे अश्रू आणि भावनेचे अश्रू तपासले. भावनेच्या अश्रूंत प्रथिनं जास्त निघाली, काही संप्रेरकंही दिसली. त्यावरून त्याने अंदाज मांडला की ताणाची रसायनं रडण्यातून बाहेर जात असावीत. अंदाज आकर्षक होता, म्हणून तो आजही व्हॉट्सॲपवर फिरतोय. पुढे त्याला भक्कम आधार मिळाला नाही. साधा हिशेब करून पाहा. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. पोटभर रडून डोळ्यांतून येणारं पाणी जेमतेम चमचाभर. शरीराला काही बाहेर टाकायचंच असेल तर ते चमच्याने कशाला टाकेल?

मग रडून बरं का वाटतं? वाटतंच असंही नाही. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठात ॲड विंगरहूट्स यांनी आयुष्यभर रडण्याचाच अभ्यास केला. त्यांच्या गटाने २०१५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दुःखी चित्रपट दाखवले आणि रडलेल्यांची मनःस्थिती पुन्हा पुन्हा मोजली. संपल्या संपल्या रडलेले लोक आधीपेक्षा खिन्न होते. वीस मिनिटांनी ते मूळ पातळीवर आले. दीड तासाने मोजलं तेव्हा चित्रपटाआधीपेक्षाही बरे निघाले. म्हणजे आराम मिळतो तो उशिरा. आपण मात्र दोन मिनिटांत पदर पुढे करतो आणि ‘बरं वाटलं ना आता?’ विचारतो. त्या घडीला त्याला बरं वाटत नसतंच. तो बिचारा ‘हो’ म्हणतो, तुमच्या समाधानासाठी.

त्याच मंडळींच्या आधीच्या कामात याहून महत्त्वाचं काही आहे. हजारो लोकांकडून त्यांच्या एकेका रडण्याची हकिकत लिहून घेतली. कुणीतरी सोबत होतं आणि त्याने धीर दिला, अशांना जास्त प्रमाणात हलकं वाटलं. ज्यांना रडताना लाज वाटली, कुणी हसलं किंवा टाकून बोललं, त्यांना वाटलं नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी २००९ साली आणखी एक सोपी गोष्ट करून पाहिली. रडणाऱ्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांतून संगणकावर फक्त अश्रू पुसले. चेहरा तोच, ओठ तसेच मुरडलेले. पण पाहणाऱ्यांना तो कमी दुःखी वाटला, काहींना तर नुसता विचारात पडलेला किंवा गोंधळलेला. अश्रूंमुळे चेहरा वाचता येतो. आवाज न करता, शत्रूला न कळता, जवळच्या माणसाला घातलेली ती हाक आहे. हाकेची किंमत ओ देणारा कोण यावर ठरते. पुढचं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे.

मराठीला हे कळत होतं असं शब्दांवरून वाटतं. डोळे पाणावणं, उमाळा येणं, मुसमुसणं, स्फुंदणं, टिपं गाळणं, हमसून हमसून, घळाघळा, ओक्साबोक्शी, धाय मोकलून. बर्फासाठी इतके शब्द कुठल्या भाषेत असतील ते असोत, रडण्यासाठी आपल्याकडे आहेत. पण त्याच भाषेत ‘रडतोंड्या’, ‘रडूबाई’, ‘रडतराऊत’, ‘रडगाणं’ हेही आहेत, आणि मुलग्याच्या वाट्याला पहिल्या यादीपेक्षा दुसरी यादी जास्त येते. इंदुरात ती दोन भाषांत येते. घरात ‘बायकांसारखा काय रडतोस’, गल्लीत ‘क्या भिया, लड़का होके रोता है’. मुलगे आणि मुली दहा-अकरा वर्षांपर्यंत साधारण सारखेच रडतात. अंतर पडतं ते त्यानंतर. संप्रेरकांचा त्यात काही वाटा असेलही, शिकवणुकीचा नक्की आहे. फ्रे यांच्याच पाहणीत अमेरिकेतल्या बायका महिन्याला सरासरी ५.३ वेळा रडत होत्या आणि पुरुष १.४ वेळा.

म्हणजे पुरुष रडतच नाहीत असं नाही. त्यांना काही ठरलेल्या जागी परवाना आहे. लेकीच्या पाठवणीला बाप रडला तर कुणी हसत नाही. कीर्तनात कंठ दाटला तर तो भक्तिभाव. खंडवा रोडवरच्या विद्यापीठ सभागृहात सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला तिसऱ्या अंकात किती पांढऱ्या मिश्या ओल्या होतात ते अंधारात मोजता येत नाही इतकंच. दिवे लागले की सगळ्यांना चष्मा पुसायचा असतो. परवाना नाही तो नोकरी गेल्यावर, निकाल लागल्यावर, बायकोचा रिपोर्ट हातात आल्यावर.

इथे कुणीतरी हमखास आत्महत्येचे आकडे काढतं. २०२२ साली देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १,२२,७२४ पुरुषांच्या होत्या, म्हणजे दर दहांत सात. आकडा खरा आहे. पण ‘पुरुष रडत नाहीत म्हणून मरतात’ हे त्यातून सिद्ध होत नाही. कर्ज, दारू, कौटुंबिक भांडणं, आजार, साधनं हाताशी असणं, अशी बरीच कारणं त्यात गुंतलेली आहेत. रडण्याची बाजू घ्यायला एवढा मोठा हातोडा लागत नाही.

‘आपले थोर लोक कधी डगमगले नाहीत’ हेही एक ठरलेलं वाक्य. या शहरात त्याचा दाखला म्हणून अहिल्याबाईंचं नाव घेतलं जातं. घरोघरच्या तसबिरीत हातात शिवपिंडी, चेहरा स्थिर. त्यांच्या वाट्याला काय आलं ते पाहा : १७५४त कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव, १७६६त सासरे मल्हारराव, १७६७त मुलगा मालेराव, १७९१त जावई यशवंतराव फणसे, आणि त्यांच्यामागे सती गेलेली लेक मुक्ताबाई. त्या दिवसाचं वर्णन जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहून ठेवलं आहे. माळवा इंग्रजांच्या कह्यात आल्यावर तो इथे होता आणि जुन्या माणसांकडून त्याने ऐकलं होतं. आधी बाईंनी लेकीला परोपरीने विनवलं. ती ऐकेना तेव्हा त्या स्वतः चितेजवळ उभ्या राहिल्या, दोन ब्राह्मणांनी दंड धरले होते. ज्वाळा उठल्या तसा धीर सुटला. किंकाळ्या फोडत त्या सुटू पाहत होत्या आणि हात सोडवता येईनात म्हणून ते हातच चावत होत्या. मग नर्मदेत स्नान केलं, वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्न जेमतेम आणि तोंडून शब्द नाही. त्यानंतर दोघांच्या स्मरणार्थ वास्तू बांधायला घेतली. १७९५ला देह ठेवेपर्यंत राज्यही चालवलं. त्या आक्रोशाने कारभार बुडाला नाही. तसबिरीतून तो तेवढा वगळला गेला.

धर्माचा दाखलाही येतो. नातलगांचे अश्रू आणि शेंबूड प्रेताला नाइलाजाने प्यावा लागतो, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया करावी, असं याज्ञवल्क्यस्मृतीत आहे. पण ते अंत्यविधीनंतरच्या घडीचं आहे. विधी खोळंबू नये, माणसं उठून पुढच्या कामाला लागावीत हा रोख स्पष्ट दिसतो. त्याचा वापर मात्र बायकांना स्मशानात न नेण्यासाठी होतो : ‘त्या रडतात, तिथे बघवणार नाही.’ पंचकुइयाला काय किंवा जूनी इंदूरच्या मुक्तिधामात काय, आता लेकी अग्नी देताना दिसतात, तरी बऱ्याच घरांत आईचा निरोप दारातच संपतो. रडेल म्हणून तिला न नेणं म्हणजे भूक लागेल म्हणून जेवायला न बोलावणं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते रुग्णालयात, आणि सगळ्यात सोपी दुरुस्तीही तिथेच आहे. इंदुरात अर्ध्या पश्चिम मध्य प्रदेशातून रुग्ण येतात. झाबुआ, धार, खरगोन, खंडवा. मृत्यूची बातमी सरकारी असो की खाजगी, बहुतेक ठिकाणी आयसीयूच्या दारात, उभ्या उभ्या, ये-जा चालू असताना सांगितली जाते. ती सांगतात घरातल्या तरण्या पुरुषाला, कारण ‘हा सांभाळून घेईल’. शब्द असतात ‘कोशिश की हमने’ किंवा ‘अब कुछ बचा नहीं’. ऐकणाऱ्याला मेंदूत शिरत नाही. तो विचारतो, ‘फिर भी, कितने परसेंट?’ लगेच सही. मग बिलाचा काउंटर. मग शवागाराची चिठ्ठी. त्या पोराला रडायला पहिली उसंत मिळते ती शववाहिनीत.

हे वेगळं कसं करायचं याची रीत ठरलेली आहे. २००० साली बेल, बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाच्या रुग्णांशी बोलण्यासाठी सहा पायऱ्या मांडल्या, त्या आज जगभर शिकवल्या जातात. आपल्याकडेही २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. मृत्यूची बातमी देताना त्याचं रूप असं होतं. आधी जागा : दार लागेल अशी खोली, सगळ्यांना बसायला खुर्च्या, डॉक्टरही बसलेला, मोबाइल नर्सकडे. मग विचारणं, ‘तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?’ मग एक वाक्य सूचनेचं, ‘बातमी चांगली नाही.’ दोन-तीन सेकंद थांबून साध्या शब्दांत ‘मृत्यू झाला’. ‘नहीं रहे’, ‘छोड़ गए’, ‘सीरियस आहे’ असलं काही नाही. गोलमाल शब्दाला माणूस आशा चिकटवतो. आणि त्यानंतर गप्प बसायचं. तरुण डॉक्टरांचं इथेच चुकतं. शांतता सोसवत नाही म्हणून ते व्हेंटिलेटरचे आकडे सांगू लागतात. समोरच्याला त्यातलं काहीही ऐकू जात नसतं. तीन-चार मिनिटं. हुंदका ओसरला, नजर वर आली, की मग प्रश्न घ्यायचे. कागद सगळ्यात शेवटी.

आणि भाषा. इंदूरचा म्हातारा मराठी माणूस आयुष्यभर हिंदी बोललेला असतो, बँकेत, बाजारात, शेजारी. तरी ही बातमी हिंदीत ऐकून तो ‘अच्छा’ म्हणतो आणि फॉर्म भरतो. पुण्याच्या बहिणीला फोन लागला की ‘अगं, गेली गं ती’ म्हणताना बांध फुटतो. भिल्ली बोलणाऱ्या बाईचं तर विचारूच नका. वॉर्डातल्या कुठल्या आया, ब्रदर, गार्डला कुठली बोली येते याची यादी नर्सिंग स्टेशनवर चिकटवायला पैसे लागत नाहीत.

आता सोबत कशी करायची ते. हे डॉक्टरचं काम नाही, कुणाचंही आहे. समोर तोंडाला तोंड लावून बसू नका, थोडं तिरकं बसा. म्हणजे त्याला तुमच्याकडे बघायची किंवा न बघायची मोकळीक राहते. तो जमिनीवर असेल तर तुम्हीही जमिनीवर. ‘का रडतोस’ विचारू नका, रडताना कारण सांगता येत नाही. ‘माझ्या मामेबहिणीचंही असंच झालं’ हे तर अजिबात नको. हात धरायचा की नाही हे नातं पाहून ठरवा. शंका असेल तर हात जवळ ठेवा, तो धरेल. रुमाल जवळ ठेवा, हातात कोंबू नका. कोंबलेला रुमाल म्हणजे पुसायचा हुकूम.

पाणी थांबून द्या याला शरीराचंही कारण आहे. हुंदका म्हणजे श्वास आत ओढण्याचे तुटक झटके. गिळताना श्वासनलिका मिटावी लागते. दोन्ही एकदम झालं की ठसका लागतो. म्हाताऱ्या माणसात, अर्धांगवायू होऊन गेलेल्यात, ते पाणी फुप्फुसात उतरू शकतं. श्वास सलग झाला की घोट घोट द्या. फार जोरात श्वास चालू राहिला तर बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, हात आखडतात. तेव्हा तोंडावर कागदी पिशवी धरायची जुनी युक्ती करू नका. ‘हळू सोड’ म्हणत श्वास बाहेर टाकणं लांबवायला लावा, तुम्हीही त्याच्याबरोबर तसाच सोडा. कुणी चक्कर येऊन पडलं तर दोघातिघांनी धरून उभं करू नका, आडवं ठेवा, पाय उंच करा. आणि शोकात छातीत दुखायला लागलं, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या, तर ‘रडून रडून झालंय’ म्हणून सोडू नका. तीव्र धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा होऊन तात्पुरता दुबळा पडतो, असा विकार जपानमध्ये १९९०च्या सुमारास ओळखला गेला; दिसायला तो हृदयविकाराच्या झटक्यासारखाच. इसीजी काढलाच पाहिजे.

नंतर डोळे सुजतात, कारण पापणीची त्वचा पातळ आणि खाली पाणी साठायला जागा सैल. चोळू नका, गार पाण्याची घडी पाच-दहा मिनिटं पुरे. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी काढायला लावा.

बाळांचं थोडक्यात, पण जिवाचं. बाळ पहिले काही आठवडे कोरडंच रडतं, अश्रू नंतर येतात. रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याच्या आसपास शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. दूध पाजलं, लंगोट बदलला, ताप नाही, तरी रडतं. आईचं दूध कमी पडतंय, दृष्ट लागलीय, हे निदान सासूबाईंनी दर संध्याकाळी करायची गरज नाही. रागाने जीव जायला लागला तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. हलवू मात्र नका, कधीच नाही. जोरात हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होतो. थोडं मोठं मूल रडता रडता श्वास कोंडून निळं पडलं तर कुशीवर ठेवा, तोंडात काही घालू नका. बहुधा मिनिटाच्या आत सुटतं. पहिल्यांदा झालं तर डॉक्टरला दाखवा आणि लोहाची तपासणी करून घ्या, लोह कमी असलेल्या मुलांत हे जास्त होतं. बाळंतिणीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगीच रडू येणं फार सर्रास आहे आणि पंधरवड्यात जातं. पंधरवड्यानंतरही टिकलं, झोप उडाली, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर तो आजार आहे. डिंकाच्या लाडवाने तो जात नाही.

मोठ्यांत रडणं आजाराकडे कधी झुकतं? दोन आठवडे रोज, बहुतेक वेळ उदासी आणि कशातच रस नाही, तर नैराश्याचा विचार करावा. मृत्यूनंतर सहा महिने उलटले तरी ओढ पहिल्या आठवड्यासारखीच तीव्र आणि रोजचं आयुष्य ठप्प, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या आजारसूचीत त्याला दीर्घकालीन शोकविकार म्हटलं आहे. पक्षाघातानंतर क्षुल्लक गोष्टीने, कधी दुःख नसतानाही, रडू फुटत असेल तर तो मेंदूतल्या तारांचा बिघाड आहे, त्यावर औषध आहे. ‘आजोबा हळवे झालेत’ एवढ्यावर सोडू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास आणि अनेक भाषांत चालू आहे.

न रडणाऱ्याचं काय, हाही प्रश्न रास्त आहे. ‘तिला रडवा, नाहीतर डोक्यात जाईल’ म्हणत नवविधवेला हलवणाऱ्या बायका अजून आहेत. पहिल्या तासांत, दिवसांत सुन्न होणं अगदी सामान्य आहे, आणि तेव्हा न रडल्याने पुढे अपाय होतोच असं काही दिसत नाही. पुष्कळ माणसं कमी रडून नीट सावरतात. काहींना नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे रडूच येत नाही. काहींना अश्रू तयारच होत नाहीत, तोही एक आजार आहे. तेराव्याला पंगतीत बसून ‘सुनेच्या डोळ्याला पाणी नव्हतं हो’ असं मोजमाप करणं हे रडू नको म्हणण्याइतकंच दांडगट. शल्यचिकित्सकाने, अग्निशमन दलाच्या जवानाने कामाच्या वेळी अश्रू रोखलेच पाहिजेत. पण काम संपल्यावर त्यांच्यासाठीही जागा हवी.

इंदूरमधल्या कोचिंगवाल्या भंवरकुआंच्या परिसरात बाहेरगावाहून येऊन एका खोलीत तिघं राहणारी पोरं आहेत. खोलीत रडायची सोय नाही, वर्गात नाही, अभ्यासिकेत नाही. राहतं ते शौचालय, नळ सोडून. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, कोचिंगही त्यात आलं. समुपदेशक नेमला जाईल. त्याची खुर्ची संचालकाच्या काचेच्या केबिनशेजारी असेल तर तिथे कुणी रडणार नाही, हे नेमणारा लक्षात घेईल का?

म्हणून मागणी अगदी छोटी आहे. दर मोठ्या रुग्णालयात, महाविद्यालयात, कोचिंगच्या इमारतीत एक खोली. दहा बाय दहा पुरे. चार खुर्च्या, एक सतरंजी, बेसिन, पिण्याचं पाणी, धुतलेले नॅपकिन, झाकणाचा डबा. पिवळा मंद दिवा, ट्यूबलाइट नको. दाराला आतून कडी नको, बाहेरून फिरवायची ‘रिकामी / कुणी आहे’ अशी पाटी हवी. आत बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी दार तोडायची वेळ येऊ नये. बिलाच्या काउंटरपासून दूर, आयसीयूपासून जवळ. भिंतीवर देणगीदारांची यादी नको. सीसीटीव्ही नको. अशी खोली सुरू होते आणि सहा महिन्यांत तिथे सलाइनचे खोके येऊन पडतात, म्हणून ती कुणाच्या तरी नावावर असावी. वॉर्डच्या मुख्य परिचारिकेच्या, स्टोअरकीपरच्या नव्हे. आणि किल्ली गार्डकडे नको. रात्री दोनला मुलगा गेलेल्या बापाने ती मागितली की गार्ड आधी विचारतो, पास दिखाओ.